दुहेरी घडीचं पाणी

लिव्हरपूल, १२ नोव्हेंबर १९३६

अक्का,

तुझ्या आणि दाजींच्या पायांवर इथूनच डोकं टेकवतो. मुंबईहून निघालेली आमची आगबोट एकविसाव्या दिवशी इथं लागली. पहिले चार दिवस पोटात काही ठरत नव्हतं. पुढं तू बांधून दिलेल्या दशम्या आणि कारळाची चटणी संपेपर्यंत मला वाटतच नव्हतं की मी घर सोडलंय. चटणीचं फडकं रिकामं झालं तेव्हा कळलं.

लिव्हरपूल हे फार मोठं बंदर. नांदेडला पुरात गोदावरी जेवढी फुगते त्याहून रुंद नदी इथं समुद्राला मिळते, आणि तिच्या काठानं मैलोगणती गोद्या. दुपारी तीनला दिवे लावावे लागतात इतकं धुकं. बोटींचे भोंगे सारखे चालू. माणसं तर सगळ्या मुलखांतली. चिनी लोकांची एक आळीच आहे. आयर्लंडचे हमाल, सोमाली खलाशी, नॉर्वेचे कप्तान. परवा धक्क्यावर कुणीतरी मराठीत शिवी हासडली. मला इतका आनंद झाला की मी जाऊन त्याला नमस्कार केला. रत्नागिरीकडचा मुसलमान खलाशी, बोटीच्या भट्टीत कोळसा टाकतो. त्यानं मला चहा पाजला आणि विचारलं, तुमच्या निजामाच्या मुलखात समुद्र आहे का. नाही म्हटल्यावर त्याला माझी दया आली.

मी राहतो ते घर मिसेस प्राइस या बाईंचं. त्या वेल्स प्रांताच्या. त्यांची घरातली बोली वेगळी, इंग्रजी त्याही शाळेत जाऊन शिकल्या. त्यामुळं माझं इंग्रजी अडखळलं तर त्या हसत नाहीत. आमच्या शाळेत उष्ण मुलखातले रोग शिकवतात. हैदराबादेत जे उर्दूतून शिकलो तेच इथं नव्या शब्दांत आणि सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली. माझ्या बाकावर क्वाबेना नावाचा डॉक्टर बसतो, आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टचा.

शिकायला सरकारी वजीफा मिळाला म्हणून मी इथवर आलो असं लोक म्हणतात. मला माहीत आहे मी कसा आलो. आई-अप्पा प्लेगात गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. तू मला सासरी घेऊन आलीस, आणि दाजींनी एक शब्द न विचारता आपल्या ताटातली भाकरी मोडून माझ्यापुढं ठेवली. लातूरच्या शाळेत, मग नांदेडला, दर खेपेला दाजीच गाडी जुंपून सोडायला. त्यांची तब्येत कशी आहे ते कळव.

तुझा
उद्धव


बोरवाडी, जळकोटजवळ
संक्रांतीचा तिसरा दिवस, १९३७

उद्धवा,

आशीर्वाद. वसंतराव मास्तर लिहून राहिले. त्यांना म्हणलं, मी जशी बोलते तसंच लिहा, शुद्ध करू नका, न्हाईतर त्याला वाटंल दुसरीच कुणी बहीण हाय.

तुझं पत्र तीनदा वाचून घेतलं. त्या प्राइसबाईला माझा नमस्कार सांग. तुझं लेकरू माझ्याकडं असतं तर मीबी त्याला हसले नसते म्हणावं. ती तुला काय खाऊ घालते ते लिहिलं न्हाईस. मिरची मिळते का?

हितं सगळं बरं हाय. ज्वारी हुरड्याला आली. दाजी रानात हायत, म्हणून त्यांचा निरोप येगळा न्हाई. तुझी आठवण काढतात. म्हैस व्याली. आमची काळजी करू नको, अभ्यास कर.

तुझी अक्का

ता. क. — हे चार शब्द मी माझ्या मनानं लिहितो, बाईंना ठाऊक नाही. तुमचे दाजी दगडोबा रानात नाहीत, बाजेवर आहेत. उजव्या पायातून नारू निघतो आहे. काडीला गुंडाळता गुंडाळता जंत आतच तुटला आणि गुडघ्यापर्यंत पाय सुजून पिकला. ताप उतरत नाही. तुम्ही डॉक्टर आहात म्हणून कळवलं. — वसंतराव


लिव्हरपूल, १८ फेब्रुवारी १९३७

अक्का,

दाजींच्या पायाचं मला कळलं. लपवलंस म्हणून रागावत नाही. मी लांब आहे, उगीच जीव टांगणीला लागू नये म्हणूनच लपवलंस. पण आता ऐक. जखम दिवसातून दोनदा उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यानं धुवायची आणि स्वच्छ कापडानं बांधायची. कुणालाही चिरू देऊ नका, शेण-चुना लावू देऊ नका. उदगीरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी वेगळं पत्र लिहिलं आहे. मास्तरांनी दाजींना गाडीतून तिथं न्यावं.

आणखी एक सांगायचं आहे, आणि ते दाजींच्या पायाहून मोठं आहे.

गेल्या आठवड्यात आमच्या प्रोफेसरांनी काचेच्या बरणीत एक जंत दाखवला. पांढरा, सुतासारखा, हातभर लांब. विचारलं, हा जिवंत माणसाच्या अंगातून निघताना कुणी पाहिला आहे? वर्गात दोनच हात वर झाले, माझा आणि क्वाबेनाचा. प्रोफेसर म्हणाले, मग तुम्हीच सांगा. मी सांगितलं की पायावर फोड येतो, आग होते, तो फुटला की जंताचं टोक दिसतं, ते काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढतात. क्वाबेना माझ्याकडं बघतच राहिला. त्याच्या गावातही काडीच. त्याच्या आईचा एक पाय त्यानंच अधू झाला आहे. एकमेकांपासून पाच हजार मैलांवरची दोन गावं, आणि दोन्हीकडं माणसं अंगणात बसून तीच काडी फिरवतात.

मग आम्हाला दुर्बिणीखाली पाण्याचा थेंब दाखवला. अक्का, पाण्यात एक किडा असतो, खसखशीच्या दाण्याहून बारीक. नारू झालेला माणूस पायाची आग शमवायला पाण्यात उतरला की जंत त्या पाण्यात हजारो पिलं सोडतो. तो किडा ती पिलं गिळतो. आपण तो किडा पाण्याबरोबर पितो. मग वर्षभर काहीच नाही, आणि वर्षानंतर पायावर फोड. मी ते पिल्लू किड्याच्या पोटात वेटोळं घालून बसलेलं पाहिलं. मला आपली बारव दिसली, आणि तिच्या खालच्या पायरीवर पाय सोडून बसलेली माणसं दिसली. मी लहानपणी त्यांच्या शेजारीच घागर बुडवत होतो.

हा देवीचा कोप नाही, पाण्याची उष्णता नाही, गेल्या जन्मीचं काही नाही. उपाय तू करू शकशील एवढाच आहे. धोतराची दुहेरी घडी घागरीच्या तोंडावर बांध आणि पाणी त्यातून गाळ. किडा कापडावर राहतो. आणि ज्याला नारू आहे त्यानं बारवेत पाय घालायचा नाही, त्याचं पाणी दुसऱ्यानं भरायचं. खात्री पटत नसेल तर चिनीमातीच्या पांढऱ्या बशीत बारवेचं पाणी घेऊन उन्हात धर. बारीक पांढरे ठिपके उड्या मारताना दिसतील.

वेशीबाहेरच्या लोकांना विसरू नको. ते ओढ्याकाठच्या झिऱ्याचं पाणी पितात, तिथंही हाच किडा.

उद्धव


बोरवाडी
वैशाख, १९३७

उद्धवा,

तुझं पत्र वाचता वाचता मास्तर पहिल्याच ओळीला अडखळले. मी म्हणलं, काय हाय ते वाचा. मग समदं बाहेर आलं. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले न्हाई. तिसऱ्या दिवशी त्यांनीच गाडी जुंपली अन् दाजींना उदगीरला नेलं, तवा माझा राग गेला. तिथल्या डाक्टरनं पू काढला. म्हणाले, अजून आठ दिवस उशीर झाला असता तर पाय कापावा लागला असता. दाजी आता काठीवर चालतात. गुडघा पुरा वळत न्हाई. पर माणूस हाय, पाय हाय. मास्तरांचे उपकार मी कुठं फेडू.

आता बारवेचं ऐक. मी धोतर फाडून दुहेरी घडी केली अन् घागरीवर बांधली. बायका हसल्या. एक म्हणाली, पाणी गाळून प्यायला तू जैन कवा झालीस? मी मास्तरांकडची पांढरी बशी नेली अन् भर उन्हात बारवेच्या काठावर धरली. शेजारच्या रुद्राणीनं वाकून बघितलं अन् मागं सरली. म्हणाली, हे मी पोरांना पाजून राहिले व्हय? त्या दिवशी सात जणींनी कापड नेलं. आता वीस घरं गाळतात.

पर सिद्रामप्पा बसलेत अडून. तुला ठाऊक हाय, बारवेची पूजा त्यांच्या घराण्याकडं. ते पारावर समद्यांदेखत म्हणाले, "ह्या पाण्यानं सात पिढ्या जगवल्या. त्याला किडा म्हणणाऱ्याची जीभ कशी रेटते?" त्यांचं ऐकून आठ-दहा घरांनी कापड काढून ठेवलं. मी घरी येऊन रडले. तुझ्यावरबी रागावले थोडी. तिकडं बसून लिहिणं सोपं हाय.

मग दाजी काठी टेकत त्यांच्याकडं गेले. कापडाचा विषय काढलाच न्हाई. एवढंच म्हणाले, आप्पा, देवाच्या पाण्यात पिकलेला पाय घालावा का? सिद्रामप्पा म्हणाले, मुळीच न्हाई, ईटाळ हाय तो. दुसऱ्या दिवसापासून ते सोताच पायरीवर बसून राहिले. पायाला चिंधी दिसली की माणूस परत. लंगड्या माणसांच्या घरचं पाणी आम्ही बायका भरून देतो. म्हणजे तुझं अर्धं काम तेच करून राहिले, अन् त्यांना वाटतं ते तुझ्या इरुद्ध हायत.

झिऱ्याकडच्या वस्तीतबी गेले. साखराबाईनं आधी दारातूनच इचारलं, आजवर आमच्या पाण्याची चौकशी कुणी केली न्हाई, आजच का? मी म्हणलं, आजवर चुकलं. तिनं कापड घेतलं. तिथल्या चौदा घरांत आता एकबी बिगर गाळल्याचं पीत न्हाई. आमच्या गावापरीस तेच शाणे.

तुझी अक्का


लिव्हरपूल, ३० जून १९३७

अक्का,

तुझ्या पत्रानं मी रस्त्यातच थांबलो आणि गोदीच्या भिंतीला टेकून ते पुरं वाचलं. दाजींचा पाय वाचला. मास्तरांना माझा साष्टांग नमस्कार. त्यांनी ते चार शब्द लिहिले नसते तर मी इथं मिरचीची उत्तरं लिहीत बसलो असतो.

तू रागावलीस ते बरोबर आहे. बारवेवर तू उभी राहिलीस, मी नाही.

दाजींची युक्ती क्वाबेनाला सांगितली. तो इतका हसला की मिसेस प्राइस वर बघायला आल्या. मग तो गंभीर झाला आणि म्हणाला, माझ्या गावात सिद्रामप्पा सापडेल, दाजी कुठून आणू? त्यानं आईला कापडाचं लिहिलं आहे.

आता एक काम सांगतो. प्रोफेसरांना मी तुझं पत्र भाषांतर करून दाखवलं. ते म्हणाले, ह्याचा हिशेब ठेवला तर ह्यावर प्रबंध होईल. ह्या उन्हाळ्यात कुणाच्या घरी किती जणांना नारू झाला, कोण गाळतं, कोण गाळत नाही, हे मास्तरांकडून घरवार लिहवून घे. खरा निकाल पुढच्या उन्हाळ्यात. जंताला वर्ष लागतं. तोवर लोक म्हणतील, कापड बांधून काय झालं? तुला एक वर्ष नुसतं ऐकून घ्यावं लागेल. हे मी सांगायला नको होतं असं वाटतं, पण खोटा धीर देत नाही.

उद्धव


बोरवाडी
दिवाळी झाल्यावर, १९३७

उद्धवा,

यादी मास्तरांनी येगळ्या कागदावर उतरून दिलीय. ह्या साली एकतीस जणांना नारू झाला, बारवेकडं बावीस, झिऱ्याकडं नऊ. मी दारोदार फिरले. आधी लाज वाटायची. आता मी दिसले की लोक आपणहून पाय फुडं करतात.

एक गंमत तुला सांगते. मास्तरांना शपथ घातलीय, ही भाईर जाऊ द्यायची न्हाई. सिद्रामप्पांची सून मल्लम्मा, बिदरकडची, ती वैशाखातच एक दिवस परसातून आली. तवा तिला तिसरा महिना होता. म्हणाली, अक्का, मला कापड द्या, पर मामांजींना कळलं तर माझी धडगत न्हाई. मी चांगल्या मांजरपाटाचा तुकडा दिला. सासरा पूजेला बसला की ती परसात समद्या घागरी गाळते, सासऱ्याची येगळी तांब्याची घागर हाय तीबी, अन् कापड सरपणामागं वाळत घालते. सासरा पारावर जाऊन सांगतो, माझ्या घरात चिंधी शिरू दिली न्हाई.

तू लिहिलंस तसंच चालू हाय. लोक इचारतात, गाळून काय झालं, गाळणाऱ्या घरातल्या भुजंगाला तरी झालाच ना. मी म्हणते, पुढच्या सालाला बोला. पाच घरांनी सोडलं, तीन नवी आली. कवा कवा मलाच वाटतं, उद्धवाचं चुकलं असलं तर? मग मी बशी घेऊन पुन्हा उन्हात बघते.

तुझी अक्का


लिव्हरपूल, ९ एप्रिल १९३८

अक्का,

प्रबंधाचा पहिला भाग पुरा झाला. सुरुवातीला एक पान असतं, ज्यांची मदत झाली त्यांचे आभार मानण्याचं. त्यावर मी पहिलं नाव तुझं घातलं, केवळाबाई, बोरवाडी. प्रोफेसरांनी विचारलं, ह्या बाई कुठल्या संस्थेत काम करतात? मी म्हणालो, बारवेवर. त्यांना वाटलं ते संस्थेचं नाव आहे आणि त्यांनी स्पेलिंग विचारलं. खरं काय ते सांगितल्यावर त्यांनी ते पान पुन्हा वाचलं. मग म्हणाले, नाव पहिलंच राहू द्या. खाली वसंतरावांचं आणि दगडोबांचंही आहे. क्वाबेना म्हणाला, अडवणाऱ्या म्हाताऱ्याचंही घाल, पायरीवर तोच बसला होता. तेही घातलं.

क्वाबेना पुढच्या महिन्यात घरी निघतो. जाताना कापडाचे दोन ठाण घेऊन जाणार आहे, लिव्हरपूलच्या बाजारातून. दोघांनी मिळून निवडले, सूर्याकडं धरून वीण बघत.

आता माझं. प्रोफेसर मला इथंच तीन वर्षं सहायक म्हणून ठेवतो म्हणतात. दुर्बीण, ग्रंथालय, जगभरचे लोक. ह्या शहरानं मला खूप दिलं, अक्का. धुक्यातसुद्धा आता मला वाट सापडते. मिसेस प्राइस माझ्यासाठी भातात मिरी घालायला शिकल्या. मी अजून हो-नाही म्हटलं नाही. यंदाचा उन्हाळा काय सांगतो ते कळल्याशिवाय म्हणणार नाही. तुला काय वाटतं तेही लिही.

उद्धव


बोरवाडी
आषाढ, १९३८

उद्धवा,

उन्हाळा सरला, म्हणून आज मास्तरांना बसवलं.

एकतीसच्या जागी सहा. दोनदा मोजलं. झिऱ्याकडं एक, तोबी साल-दीड साल जळकोटकडं कामाला होता. बारवेकडं पाच, त्यातली चार माणसं न गाळणाऱ्या घरांतली. पाचवी रुद्राणीची सासू, ती गाळायला लागायच्या आधीच प्याली असंल असं मास्तर म्हणतात. पेरणीला ह्या साली एकबी आजाऱ्याची बाज अंगणात न्हाई. दाजींनी अडलेल्या गुडघ्यानं का होईना, तिफण सोता धरली. वाकडं पेरलंय थोडं.

मल्लम्माला मुलगी झाली, शिवकांता. मायलेकी धडधाकट हायत.

साखराबाई तिच्या शेतातली मुगाची डाळ घेऊन दारात आली. म्हणाली, तुमच्या भावाला. मी तिला घरात बोलावलं, ती बसली, आम्ही दोघींनी च्या घेतला. गावात त्यावर बोलणं झालं. होऊ दे.

आता सिद्रामप्पांचं. त्यांना नारू झाला न्हाई. ते पारावर सांगत सुटले, बघा, चिंधी न बांधता मी ठणठणीत. मला अन् मल्लम्माला हसू आवरंना. परवा ते सोता आमच्या घरी आले. मास्तर हितंच होते. मी मास्तरांना उठा म्हणलं, तर सिद्रामप्पाच म्हणाले, बसू द्या, लिहायलाच लागंल. मग माझ्याकडं न बघता बोलले.

"केवळाबाई, माझ्या घागरीचं पाणी बदललं ते मला पहिल्याच दिवशी कळलं. कोऱ्या मांजरपाटाचा वास येत होता."

मी घाबरले. म्हणलं, मग आप्पा, बोलला का न्हाईत?

"बोललो असतो तर सुनेला बंद करावं लागलं असतं. पोटुशी होती ती."

त्यांनी पाणी मागितलं. मी त्यांच्यासमोरच गाळून दिलं, अन् ते प्याले. मग म्हणाले, पायऱ्या असतील तवर कुणी ना कुणी पाय घालणारच. पायऱ्या बुजवून वर कठडा बांधावा, रहाट बसवावा, पाणी वरूनच शेंदावं. एक रहाट बारवेवर अन् एक झिऱ्यावर. बारव माझ्या घराण्याची हाय, पायऱ्या बुजवायला मीच हो म्हणायला पाहिजे, तर मी हो म्हणतो.

दाजी म्हणतात, त्या क्वाबेनाला लिही, तुझ्या आईला आमचा रामराम.

तू इचारलंस, ऱ्हाऊ का येऊ. त्या गावानं तुला घर दिलं, इद्या दिली, मित्र दिला. त्या गावाला अन् प्राइसबाईला मी हितून हात जोडते. तिथं ऱ्हायलास तरी मी रागावणार न्हाई, हे मास्तरांकडून दोनदा लिहवून घेतलंय. पर सिद्रामप्पा उठताना उंबऱ्यात थांबले अन् म्हणाले, कठडा किती उंच पाहिजे, रहाट कुठं बसवायचा, हे उद्धवानं सांगायचं. तो येईस्तवर मी एकबी दगड हलवू देणार न्हाई.

म्हातारा हट्टी हाय, तुला ठाऊक हाय. पुढच्या उन्हाळ्याच्या आधी कळव.

तुझी अक्का